राहून गेलेली माहिती

बाईंनी लाल पेनाने ‘चंद्र’ खोडला. मग ‘प्रेम’ खोडलं, आणि ‘आपले महाविद्यालय’वर पेन क्षणभर टेकवून तेही खोडून टाकलं.

“चंद्रावर आधीच तीनेकशे माणसं लिहून गेली आहेत,” त्या कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. “तिथे तुझा स्वल्पविरामसुद्धा टिकायचा नाही. दुसरं शोध.”

“पण मॅडम, प्रेमावर पुस्तकं आहेत की,” मागची मुलगी म्हणाली. “तुम्हीच म्हणालात, पुस्तकं हवीत.”

“आहेत. ती वाचून होईपर्यंत तुझं लग्न होऊन जाईल. दुसरं.”

रांग एका पावलाने पुढे सरकली.

दुसऱ्या वर्षाला त्या लेखनकौशल्य शिकवत. मुलं त्यांना समोर मॅडम म्हणत आणि पाठीमागे बाई. यंदा त्यांनी निबंधांना फाटा दिला होता. त्यांचं म्हणणं, निबंध वाचणारी एकटी मीच, तीही चष्मा कपाळावर ढकलून. त्यापेक्षा अनोळखी माणूस वाचेल अशा जागी लिहा, असं सांगून त्यांनी वर्गाला ऑनलाइन ज्ञानकोशाच्या कामाला जुंपलं होतं. प्रत्येकाने त्यातला एक लेख निवडायचा आणि सहा आठवड्यांत सुधारायचा. निवडण्यातच निम्मं शहाणपण आहे, असं बजावून पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर अटी लिहिल्या होत्या. लेख फार मोठा नको आणि दोन ओळींचाही नको. छापील पुस्तकांचा आधार मिळेल असा हवा. ज्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात तो नको. आपल्या नात्यागोत्यातला नको. आणि ज्या लेखावर कुणी एकटाच माणूस राखणीला बसला आहे, त्याच्या वाटेला तर जायचंच नाही; तो तुमचं लिहिलेलं सकाळी पुसेल आणि दुपारी पुन्हा बघायला येईल.

रांगेत शेवटी टाचणी उभी होती. हे नाव तिला वर्गाने दिलेलं. ती बारीक होती, ताठ होती आणि बोलली की टोचायची. नाव तिलाही आवडलं असावं, कारण वहीवर तिने तेच घातलं होतं. तिच्या कागदावर एकच शब्द होता: तराजू.

बाईंचा पेन हवेतच राहिला.

“हा नको,” त्या म्हणाल्या. “कुलूप घे. किंवा साबण. साबणावर चांगली पुस्तकं आहेत आपल्याकडे.”

“तराजू सगळ्या अटींत बसतो, मॅडम.”

“शेवटची अट बघितलीस? राखणदाराची?”

“बघितली. म्हणूनच तुम्हाला विचारायचं होतं.” टाचणीने वहीतून घडी घातलेला दुसरा कागद काढला. “कुणी कधी काय बदललं, तो लेखाचा सगळा इतिहास पहिल्यापासून वाचला मी. चार वर्षांत जवळजवळ सगळं एकाच माणसाने लिहिलंय. काटेसाहेब म्हणून कुणी आहेत. आधी ते बाकीच्यांचं लिहिलेलं उलटवायचे, काढून आधीचं परत ठेवायचे. पण गेले तीन महिने ते स्वतःचंच उलटवताहेत.”

“स्वतःचं म्हणजे?”

“पासंगाचा एक परिच्छेद आहे. रिकामा तराजू एका बाजूला झुकत असेल तर हलक्या बाजूला काहीतरी बांधतात ना, त्याबद्दल. तो परिच्छेद लेखात होताच. तोच त्यांनी परत घातला. अकरा वेळा. आणि दरवेळी कारण लिहिलंय, ‘राहून गेलेली माहिती घातली’. मग दोन दिवसांनी तेच येतात आणि काढतात. तिथे लिहितात, ‘कोणीतरी तोच मजकूर पुन्हा घातला आहे. लिहिणाऱ्याने शिस्त पाळावी.’” टाचणीने कागद पुढे केला. “मला वाटतं, एकच खातं दोन माणसं वापरत असतील. आणि त्यांचं आपसांत पटत नसेल.”

बाईंनी कागद घेतला. तिने तारखा आखून लिहिल्या होत्या, अक्षर मुंगीच्या पावलांसारखं. त्यांनी कागद वाचला नाही, नुसता उलटा करून टेबलावर ठेवला.

“पण हाच का घ्यायचाय तुला?”

“कारण तो वाचून मला पासंग नीट कळला नाही. पण लिहिणाऱ्याला तो पुरता कळलाय, एवढं कळलं.”

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या.

काटेसाहेब म्हणजे बाईंचे सासरे. घरात ते अण्णा. वजनमापांच्या कचेरीत निरीक्षक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. दुकानदार त्यांना काटेसाहेब म्हणत. घरी येणाऱ्या एका नव्या पोस्टमनने ते आडनावच समजून वर्षभर पत्रं शेजारच्यांकडे टाकली होती. सासूबाई गेल्यानंतर अण्णा दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायला लागले, तेव्हा बाईंनीच त्यांना संगणकापुढे बसवलं, ज्ञानकोश उघडून दिला आणि म्हणाल्या, “बघा अण्णा, तराजूवर तीनच ओळी आहेत. त्यातली एक चुकलीय.” तेवढं पुरलं. त्या चुकीच्या ओळीने म्हातारा माणूस उठून बसला.

तेव्हापासून संध्याकाळच्या चहाला अण्णांकडे बातमी असायची. आज एकाला उलटवलं. आज एकाने स्प्रिंगच्या काट्याला तराजू म्हटलं, त्याला समज दिली. एकदा कुणीतरी त्यांनाच संदर्भ मागितला होता. “एकतीस वर्षं मी काटे बघितले, मला संदर्भ मागतो,” असं म्हणत ते दोन दिवस फुरंगटून बसले होते. घरात सगळे हसत. बाईही हसत.

त्या दुपारी शिक्षकांची खोली रिकामी झाल्यावर बाईंनी लेखाचा इतिहास उघडला आणि टाचणीचा कागद शेजारी ठेवला. एकही तारीख चुकलेली नव्हती. सोमवारी सकाळी सात दहा: राहून गेलेली माहिती घातली. सोमवारी सात पन्नास: राहून गेलेली माहिती घातली. बुधवारी: लिहिणाऱ्याने शिस्त पाळावी. शुक्रवारी पुन्हा राहून गेलेली माहिती. सात दहाला बाई डबे भरत असत. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून कळफलकाची टकटक ऐकू येई आणि त्यांना बरं वाटे की म्हाताऱ्याचा वेळ चांगला जातोय.

त्या पुन्हा वरपासून वाचायला लागल्या. मध्येच शिपाई खोली बंद करायला आला, त्यांच्याकडे बघून परत गेला.

घरी पोचल्या तेव्हा अण्णा गॅलरीत वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेऊन बसले होते. बाईंनी चहा नेऊन दिला आणि आज आपलाही कप घेऊन कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

“आज एकाला उलटवलं,” अण्णा म्हणाले.

“कोण होता?”

“नाव बघितलं नाही. पासंगाचा परिच्छेद घुसडून गेला होता, आपला तिथे असताना.” त्यांनी बशीत चहा ओतला. “पण खरं सांगू? लिहितो बरा. शब्द जागच्या जागी. माझ्या हाताखाली असता तर पुढे आणला असता त्याला.”

बाईंनी कप तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

नवरा आला तेव्हा त्यांनी त्याला आतल्या खोलीत बोलावून फोनवर ती पानं दाखवली. त्याने दोनचार ओळी वाचल्या.

“अगं, वय झालंय त्यांचं. आपण नाही विसरत? परवा मी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली.”

“खाली वाच.”

“रोज शब्दकोडं सोडवतात ते. मला अडलेला शब्द त्यांनाच विचारतो मी.”

“तू वाच रे आधी.”

त्याने वाचलं. अंगठा पडद्यावरून सरकत राहिला, मग थांबला. फोन बाईंच्या हातात दिला, बाहेर गेला आणि वडिलांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळाने बाईंना त्याचा आवाज ऐकू आला. तो आडवा सहा, चार अक्षरी असं काहीतरी विचारत होता. अण्णांनी लगेच उत्तर दिलं.

ओळखीतून एका डॉक्टरांचं नाव मिळालं. वेळ मिळाली ती मात्र तीन आठवड्यांनंतरची, शुक्रवारची. अण्णांना काय सांगायचं यावर दोघांचं बरंच खलबत झालं, आणि शेवटी डोळे तपासायला जायचंय असं सांगायचं ठरलं. अण्णा म्हणाले, “बरं.” त्यांनी जास्त काही विचारलं नाही, यामुळे दोघांनाही हायसं वाटलं.

टाचणीला बाईंनी दुसऱ्या दिवशी तासानंतर थांबवून घेतलं.

“काटेसाहेब माझे सासरे आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि ते एकच माणूस आहेत. दोन नाहीत.”

टाचणीच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं. तिने वही छातीशी धरली. “मला माहीत नव्हतं, मॅडम. मी उगाच तो कागद…”

“उगाच नाही. मी सात वर्षं त्यांच्यासोबत एका घरात राहते. तुला अर्ध्या तासात दिसलं ते मला दिसलं नाही.” बाईंनी फळा पुसायला घेतला; तो आधीच पुसलेला होता. “तेव्हा तू साबण घे. तो लेख त्यांचा आहे.”

टाचणी गेली नाही. दाराशी घुटमळली.

“लेख कुणाचा नसतो,” ती म्हणाली. “तुम्हीच पहिल्या तासाला सांगितलंत. आणि मॅडम, परिच्छेद असा पुन्हापुन्हा येत राहिला तर आज ना उद्या कुणीतरी त्यांच्याविरुद्ध तक्रार करणार. खातं बंद करतात मग. तो करणारा त्यांना ओळखत नसेल.”

बाई डस्टर हातात घेऊन उभ्या राहिल्या. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

“घे,” त्या अखेर म्हणाल्या. “पण गुण मी देणार नाही, संगणक विभागाच्या सरांना सांगते. मी तो लेख उघडणारही नाही. आणि काही बदलायच्या आधी लेखाला जोडलेल्या चर्चापानावर त्यांना विचारायचं. ते जुन्या वळणाचे आहेत. माननीय वगैरे लिही.”

“लिहीन,” टाचणी म्हणाली.

बाईंनी शब्द पाळला. त्या लेखाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मुलांचं काम चालू होतं. चंद्रवाल्याने ‘बोगदा’ घेतला होता, प्रेमवालीने ‘गोंद’. घरी मात्र चहाच्या वेळच्या बातम्या बदलल्या. कुणी टाचणी म्हणून नवीन आली आहे, अण्णांनी सांगितलं. मुलगी आहे की मुलगा, देव जाणे, पण विचारते मुद्द्याचं. एके दिवशी त्यांनी पलंगाखालची पेटी ओढून काढली आणि कचेरीतल्या जुन्या छापील पुस्तिका काढून, फडक्याने पुसून, पृष्ठ क्रमांक टिपत बसले. संदर्भ हवेत म्हणे तिला. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. “एकतीस वर्षं” हे शब्दही त्या दिवशी निघाले नाहीत.

आणि एका संध्याकाळी, डॉक्टरांकडचा शुक्रवार यायला अजून दोन आठवडे असताना, अण्णा म्हणाले, “तिने मला उलटवलं आज.”

“मग?”

“बरोबर होतं तिचं,” अण्णा म्हणाले, आणि समोरच्या इमारतीकडे बघत राहिले. त्यानंतर काही दिवस चहाला बातमीच नव्हती. बाईंनी विचारलं की “चाललंय” एवढंच म्हणत.

डॉक्टरांच्या भेटीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, बाई तास संपवून निघाल्या होत्या. जिन्यात टाचणी उभी होती. वाट बघतच असावी.

“मॅडम, चर्चापान वाचा,” ती म्हणाली.

“गुण सर देणार आहेत ना?”

“गुणांसाठी नाही.” तिने एका दमात पुढचं सांगून टाकलं. “मी चुगली करत नाहीये. चर्चापान सगळ्या जगाला उघडं असतं, तुम्हालाही आहे. मला त्यांनी एक विचारलं होतं. मी आज उत्तर दिलं. चुकलं असेल तर मला सांगा.”

एवढं बोलून ती दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. बाई तिथेच जिन्यातल्या खिडकीशी थांबल्या. हातातल्या वह्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि फोन काढला.

सगळ्यात वर टाचणीचा प्रश्न होता. ‘माननीय काटेसाहेब, ज्याने जन्मात तराजू हातात धरला नाही, त्याला पासंग कसा समजावाल?’

खाली अण्णांचं उत्तर होतं. ‘रिकामा तराजू उचलावा. एक पारडे खाली गेले तर तराजू वाईट म्हणू नये. हलक्या बाजूला हवे तेवढे वजन बांधावे, की दांडी सरळ. हा पासंग.’ टाचणीने आभार मानले होते. दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याच प्रश्नाला पुन्हा उत्तर दिलं होतं, जणू तो आत्ताच वाचला. ‘आमच्या वेळचा एक दुकानदार पारड्याला शर्टाचे बटण बांधत असे. मी विचारले, हे काय. म्हणाला, साहेब, हे आहे म्हणून मी खरा आहे.’ टाचणीने आभार मानले होते. दोन दिवसांनी आणखी एक उत्तर: ‘पासंग उघड्यावर बांधलेला असावा. गिऱ्हाइकाला दिसतो तोवर ती दुरुस्ती. पारड्याच्या तळाला चिकटवून लपवला की लबाडी.’ पुन्हा आभार. चौथं, पाचवं उत्तर होतं, सहावंही होतं. प्रत्येकातलं एक-एक वाक्य उचलून टाचणीने नवा परिच्छेद रचला होता, खाली पुस्तिकांचे संदर्भ दिले होते आणि पुन्हापुन्हा आलेले परिच्छेद एकेक करून काढले होते. काढण्याचं कारण तिने लिहिलं होतं: ‘हे आधीच लिहिले आहे, आणि चांगले लिहिले आहे.’

बाईंनी बोट सरकवलं. पुढचा मजकूर काल दुपारचा होता.

‘कुमारी टाचणी यांस. आज चर्चापान वरपासून वाचले. आपल्या एका प्रश्नाला मी सहा उत्तरे दिलेली दिसतात आणि आपण सहाही वेळा आभार मानलेत. त्यानंतर लेखाचा इतिहासही वाचला. लेखात लुडबुड करणारा तो इसम कोण, ते समजले. संशय काही दिवसांपासून होता. यापुढे माझे काही दोनदा आढळल्यास न विचारता काढावे, मला राग येणार नाही. आल्यास तो लक्षात राहणार नाही. घरी अद्याप बोललो नाही. मुलगा हळवा आहे. सून दिवसभर पोरांचे कागद वाचून दमून येते, तिच्यापुढे आणखी एक कागद कशाला टाकावा, असे वाटते. उद्या मला डोळ्यांच्या म्हणून कुठल्या डॉक्टरांकडे नेणार आहेत, की परवा, ते नीट आठवत नाही. पण डोळ्यांना काही झालेले नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही असावे. ती दोघे सांगत नाहीत, मी सांगत नाही. घरात बोलावे का? आपण परक्या आहात, म्हणून विचारतो.’

त्याखाली आज सकाळी दहा चाळीसला लिहिलेला एकच शब्द होता.

‘बोलावे.’

बाईंनी वह्या उचलल्या. पहिल्या मजल्यापर्यंत उतरल्या आणि आपण पर्स वरच विसरलो हे आठवून पुन्हा वर गेल्या.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णा गॅलरीत नव्हते. ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा सदरा घातलेला, केस पाण्याने नीट बसवलेले. समोरची खुर्ची त्यांनी आधीच मागे ओढून ठेवली होती. त्यांच्या पुढ्यात पाठकोरा कागद होता आणि त्यावर क्रमांक घालून काही मुद्दे लिहिलेले होते. बाईंना पाहताच त्यांनी कागदावर हात ठेवला.

“चहा टाकते हं,” बाई म्हणाल्या.

“चहा नंतर. बस आधी.”

बाई बसल्या. वह्यांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला, मग तो मध्ये येतोय असं वाटून खाली जमिनीवर ठेवला.

अण्णांनी मुद्द्यांवरून एकदा नजर फिरवली. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चष्मा काढला.

“तुला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “तुला कल्पना नसेल.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठावर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं, खुर्ची थोडी पुढे सरकवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“नाही अण्णा,” त्या म्हणाल्या. “सांगा तुम्ही. अगदी पहिल्यापासून.”

“मग ऐक,” अण्णा म्हणाले. “झालं असं…”